नाव घासलेलं पेन

कोणतीही वस्तू कामातून गेल्याशिवाय थोर होत नाही. (माणसांनाही हाच नियम लागू आहे, म्हणून तर सत्कार निवृत्तीच्या दिवशी ठेवतात.) आमचं जुन्या अमेरिकी फाउंटन पेनांचं मंडळ याच तत्त्वावर उभं आहे. चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही सातजण दर रविवारी जमतो. सातजणांकडे मिळून सहाशे बारा पेनं आहेत. त्यांपैकी शाई भरलेली: शून्य. हजेरीपटावर सही करायला खालच्या चष्मेवाल्याकडून बॉलपेन मागून आणतो. तो देतो, पण टोपण स्वतःकडे ठेवून घेतो.

पेनांची प्रतवारी ठरलेली आहे. कधीच न वापरलेलं पेन उत्तम. थोडंफार लिहिलेलं मध्यम. मालकाचं नाव कोरलेलं पेन मात्र वाया गेलं असं समजावं. त्या काळी लोक हौसेनं नाव कोरून घेत. पुढे संग्राहक जन्माला येणार आहेत, याचा विचार त्या भल्या माणसांनी केला नाही.

पेनं बनवणाऱ्यांवरचं संशोधन हे मंडळाचं दुसरं अंग. त्यात आमचे निबमास्तर अग्रगण्य. हे निवृत्त चित्रकला शिक्षक. कुठल्याशा अमेरिकी आडगावात एकाने चारच वर्षं पेनांचा कारखाना चालवला. मास्तर त्याच्या मागे हात धुऊन लागलेत. कारखाना लाँड्रीच्या वर होता, वाफेनं टोपणं वाकडी व्हायची, भागीदाराशी क्लिपवरून बिनसलं, मधल्या मुलीला दमा होता, सगळं मास्तरांना तोंडपाठ. स्वतःच्या बायकोला थायरॉइडची गोळी चालू आहे, हे त्यांना औषधवाल्याकडून कळलं. (ते त्यांनी लगेच मान्य केलं, हा त्यांचा मोठेपणा.)

तर या मास्तरांना वाढदिवसाला वहिनींनी पेन दिलं. वहिनी घरीच शिवणकाम करतात. रोज जेवताना ऐकून ऐकून त्या कारखानदाराची कुंडली त्यांनाही पाठ झाली होती. दहा ठिकाणी चौकशा करून त्यांनी नेमकं त्याचंच पेन मिळवलं. रविवारी मास्तर ते रुमालात गुंडाळून घेऊन आले. भिंग फिरलं. टोपण मूळचं. क्लिप मूळची. निब कोरी. शाई ओढायची दांडी इतकी अलगद उघडली, की आमच्यातल्या दंतवैद्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग पेन दुसऱ्या बाजूला वळवलं.

तिथे मास्तरांचं नाव कोरलेलं होतं. खाली बारीक अक्षरांत: पुन्हा लिहीत जा.

एखाद्या घरी कुणी गेल्यावर बसतात, तसे आम्ही बसून राहिलो.

"घरचं माणूसच असं करतं," खजिनदार म्हणाले.

"हेतू चांगला होता हो त्यांचा," मी म्हणालो.

"हेतू भिंगातून दिसत नाही," दंतवैद्य म्हणाले.

मास्तर पूर्वी काय लिहायचे, अशी चौकशी झाली. लग्नाआधी हिला रोज पत्र लिहायचो, असं त्यांनी खाली मान घालून सांगितलं. विषयाशी संबंध नसल्यानं ते इतिवृत्तात घेतलं नाही.

नाव घासून काढावं, असा ठराव झाला. दंतवैद्यांनी दवाखान्यात दोन अक्कलदाढांच्या मधल्या वेळात, दात चकचकीत करायच्या चाकावर काम उरकलं. "खालची ओळ तेवढी राहू द्यायची का?" असं मास्तरांनी एकदा विचारून पाहिलं, पण त्यांना समजावण्यात आलं. पेन आता कुणाचंच उरलं नाही, म्हणजे प्रत सुधारली.

मास्तरांनी ते मोठ्या उमेदीनं घरी दाखवलं. वहिनी मशीनवर बसल्या होत्या. त्यांनी पेन उजेडात धरलं आणि नाव होतं तिथे अंगठा फिरवला.

"छान गुळगुळीत झालंय. आता हे कुणाचं?"

"कुणाचंच नाही. तेच तर महत्त्वाचं असतं."

"बरं झालं," वहिनी म्हणाल्या. "मग मी घेते."

त्यांनी बाटली आणून शाई भरली. आता रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी बसून त्या पानंच्या पानं लिहितात. पेन झकास चालतं. (त्या कारखानदाराचं पेन लिहितं, याचा मंडळाला मिळालेला हा पहिलाच पुरावा, नोंद घेतली आहे.) मास्तर समोर बसून बघत राहतात. त्यांचं जेवणातलं लक्ष उडालंय. ही कुणाला लिहिते, काय लिहिते, आणि मला का नाही लिहीत, असे तीन प्रश्न त्यांनी सभेपुढे मांडले, आणि "मला फार वाईट वाटतंय हो," असंही म्हणाले.

"मग विचारा की वहिनींना," आम्ही म्हणालो. मोठा धीर करून काल त्यांनी विचारलं.

"शाई कुठली घातलीस?"

"निळी," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी पान उलटलं.

इतका मुद्देसूद प्रश्न विचारल्याबद्दल मंडळानं मास्तरांचं एकमतानं अभिनंदन केलं आहे.

वाचक हसतील. हसू देत, आमची हरकत नाही. फक्त एक किरकोळ चौकशी आहे. तुम्ही हे वाचायला बसल्यापासून घरातल्या कुणीतरी तुम्हाला काहीतरी विचारलं, आणि तुम्ही मान वर न करता "हो" म्हणालात. कशाला हो म्हणालात?