देगलूरकरांच्या बोअरचं पाणी

वसंतराव देगलूरकरांच्या घरी पाण्याचा पेला हातात आला की लगेच तोंडाला लावायची सोय नव्हती. "आधी हुंगा," ते म्हणत. "कशाचा वास यायलाय?"

वास यायचाच. दिलसुखनगरातल्या आमच्या गल्लीत बाकी सगळ्यांचं पाणी बरं, यांच्याच बोअरला गंधक लागलेलं. मी भिंतीपलीकडचा शेजारी, म्हणून भीड न ठेवता सांगून टाकलं, "सडक्या अंड्याचा."

वसंतराव गंभीर झाले. महसूल खात्यातून निवृत्त झालेला हा गृहस्थ पुराव्याशिवाय काही मानत नसे, आणि अंडं तर त्यांच्या घराण्यात कुणी हातात धरलेलं नव्हतं. "ताडून पाहावं लागेल," म्हणाले. मला सोबत घेऊन, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून थेट लांब आबिड्सच्या बाजारामागल्या गल्लीत गेले.

"एकीच अंडा? घर में कोई बीमार है क्या?" दुकानदारानं विचारलं.

"नै, सडाने के वास्ते होना."

त्यानं अंडं कागदात गुंडाळून दिलं आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला.

गच्चीवर अंडं नासू दिलं. मग एका हातात ते, दुसऱ्या हातात पेला घेऊन वसंतरावांनी आळीपाळीनं हुंगलं. "हौ, तोच आहे," असा निकाल दिला आणि विटाळ झाला म्हणून आंघोळ केली. त्याच पाण्यानं.

उपाय सुरू झाले. बोअरमध्ये ब्लीचिंग पावडर ओतली. काही दिवस घराला दवाखान्याचा वास आला, मग गंधक परतलं. कुणीतरी सांगितलं, या पाण्याला वारा लागला की वास उडतो. झालं. अफझलगंजहून तेलाचे रिकामे डबे आणले, तळाला भोकं पाडली, गच्चीवर एकाखाली एक टांगले आणि सगळ्यात खालच्यात कोळसा भरला. पंपाचं पाणी बारीक धारांनी गळू लागलं. रस्त्यावरचे लोक माना वर करून बघत. "पाण्याला हवा खाऊ घालायलोय," वसंतराव गच्चीवरून सांगत.

मला एकच कळेना. हे स्वतः तर तेच पाणी इतकी वर्षं बिनतक्रार घटाघटा पीत आले होते. मग ही खटपट कुणासाठी?

चैत्रात त्यांच्याकडं हळदीकुंकू ठरलं. त्यांच्या पत्नी सुमतीबाई आल्यागेल्याला कधी पाणी देत नसत. तेव्हा नव्यानंच आलेल्या परदेशी शीतपेयाची बाटली पुढं करत. मोठी थाटाची बाई, असं गल्लीला वाटे. या वेळी, निदान पाण्यात वाळा तरी घालू द्या, म्हणून त्यांनी नवऱ्याची मनधरणी केली. वसंतराव ऐकेनात. "पन्हं दे की, पण आधी साधं पाणी."

हळदीकुंकवात पुरुषांचं काय काम, म्हणून ते आमच्याकडं येऊन बसले. समोरचा चहा निवून गेला. माझी बायको परतली तसे उठून उभेच राहिले.

"वैनी, कुणाचा पेला तसाच राहिला का?"

"नाही हो. समोरच्या जानकम्मांनी तर आणखी मागून घेतलं."

वसंतराव खाली बसले.

"या घरात आल्यापासून ती कुणाकडं हळदीकुंकवाला गेली नाही," मग म्हणाले. "गेलं तर उलट बोलवावं लागेल, बायका पेला नाकाशी नेऊन खाली ठेवतील, म्हणून. सगळ्यांना सांगायची, गुडघे दुखायलेत."

आम्हालाही तेच सांगितलं होतं, आणि आम्हाला ते खरं वाटलं होतं. मला फार वाईट वाटलं.

"शुक्रवारी जानकम्मांकडं हळदीकुंकवाला यायचं कबूल केलंय सुमतीबाईंनी," बायको म्हणाली.

"जाईल, जाईल," वसंतराव डोळे पुसत म्हणाले. "मी सोडून येतो की तिला दारापर्यंत."

जानकम्मांचं दार त्यांच्या दारासमोरच होतं.