मेंढ्यांचा शांततेत सहभाग

शिरूर कासार तालुक्यातल्या एका माळरानावर सौरऊर्जेचा प्रकल्प होणार होता. कर्ज परदेशी बँकेचं होतं, म्हणून पर्यावरणावरच्या परिणामांचं मूल्यमापन आवश्यक होतं. आणि ते करायला मी ताजी पदवी घेऊन हजर होते. आमचे प्रमुख विजयसिंह सर. पाहणी भर एप्रिलात झाली. आम्ही गवताच्या जाती मोजल्या, सरडे मोजले आणि ‘चराईसाठी वापर’ या मुद्द्यासमोर ‘निरंक’ लिहिलं. माळावर एकही मेंढी नव्हती. शास्त्रात जे दिसतं तेच लिहितात.

पाऊस पडला आणि मेंढ्या आल्या. सुग्रीव आणि साखराबाई हे धनगर जोडपं कळप घेऊन गोदाकाठावरून परतलं होतं. दर पावसाळ्यात मेंढ्या याच माळावर वितात आणि दिवाळीनंतर कळप पुन्हा निघतो, असं त्यांचं म्हणणं.

“माळ गेला तर विणीच्या मेंढ्या कुठं न्याव्या, साहेब?” सुग्रीवनं विचारलं.

“तुम्ही इथं येता याचा पुरावा?” सरांनी विचारलं.

“लेंड्या हायत की! लई हायत. तुमी त्याच्यावरच तर उभे.”

सर शास्त्रशुद्ध माणूस. बूट पुसून त्यांनी नमुने प्रयोगशाळेत पाठवले. अहवाल आला: लेंड्या मेंढीच्याच आहेत; मात्र त्या सुग्रीवच्या मेंढीच्या आहेत असं सांगता येत नाही.

“म्होरल्या साली मेंढ्यांना अंगठा उठवायला लावते,” साखराबाई म्हणाली आणि मला घोंगडीवर बसवून चहा दिला.

जनसुनावणी डिसेंबरात ठरली.

“श्रावणात घेऊ या का, सर? तेव्हा हे लोक इथं असतात.”

“असतात, म्हणून तर हरकती येतात. हरकती आल्या की सुनावणी नीट होत नाही.”

सुनावणीला मंडप होता, पोहे होते, बंदोबस्त होता. प्रभावित समुदायासाठी पुढची रांग राखीव होती. ती शेवटपर्यंत रिकामी राहिली. इतिवृत्तात नोंद झाली: ‘समुदायाने शांततेत सहभाग घेतला. हरकत नाही.’

प्रकल्प उभा राहिला. पुढच्या पावसाळ्यात पॅनेलखाली गवत माजलं, पॅनेलवर सावली पडू लागली आणि वीज घटली. गवत कापायचं यंत्र पॅनेलखाली शिरेना. तणनाशकाला बँकेची मनाई. आम्ही नव्यानं मूल्यमापन करून पर्यावरणपूरक उपाय शोधला: मेंढ्या. निविदा निघाली.

सुग्रीव कळपासह फाटकाशी उभाच होता.

“अनुभव?” सरांनी विचारलं.

“बापजाद्यापासून हितंच चारतो की!”

“आमच्या अहवालानुसार इथं चराई झालेलीच नाही. शिवाय अनुभव पॅनेलखाली चारल्याचा हवा. तीन वर्षांचा.”

“पोरी,” साखराबाई माझ्याकडं वळली, “तुमचा अव्हाल खातंय का बघ हे गवत.”

कंत्राट एका शहरी कंपनीला मिळालं. तिच्याकडे अनुभवाचा दाखला होता, मेंढ्या नव्हत्या. त्या तिनं सुग्रीवकडून भाड्यानं घेतल्या. मेंढ्या आत गेल्या. ओळखपत्र नसल्यामुळे सुग्रीव बाहेर राहिला. मेंढ्या ठरल्याप्रमाणे त्याच माळावर व्याल्या. प्रकल्पाच्या हद्दीत जन्मल्यामुळे कोकरं प्रकल्पाची मालमत्ता ठरली. फाटकापलीकडून सुग्रीव त्यांना हाका मारतो, आणि ती पळत येतात. ही बाब ‘ध्वनिप्रदूषण’ या सदरात विचाराधीन आहे.

अहवालाचा हा मसुदा जनतेसाठी खुला आहे. तुम्ही तो इथवर वाचलात, मध्ये एकदोनदा हसलातही. हरकत मात्र घेतली नाहीत. तशी नोंद केली आहे: शांततेत सहभाग.