वेंकण्णांची तपासणी

मल्लेश्वरममध्ये आमच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात एक गृहस्थ इडली खाण्याआधी मोजतात. किती आल्या ते नव्हे, एकेकीची जाडी. खिशातून व्हर्नियर काढायचं, इडलीला लावायचं आणि गल्ल्यावरच्या माणसाला जागेवरून ओरडून सांगायचं, "दोन मिलिमीटर कमी!" तो बिचारा हात जोडतो आणि चटणी जास्त पाठवतो.

हे आमच्या समोरच्या फ्लॅटमधले वेंकण्णा, सगळ्यांचे अण्णा. पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात जन्मभर तपासनीस होते. आलेला माल नापास करायचा, हा पेशा. निवृत्त झाल्यावर त्यांनी अख्खं बेंगळुरू तपासायला घेतलं. दूधवाला, रिक्षावाला, हवामान खातं, कोणीच पास नाही. "स्वल्प संशय असावा हो," ते म्हणत, "सारात मीठ असतं तसा."

आम्ही पुण्याहून राहायला आलो तेव्हा आमचीही तपासणी झाली. वेंकण्णांचं घराणं मराठीच, पण इकडे येऊन तीनशे वर्षं झालेली. "आम्हीच अजून सामान पूर्ण सोडलो नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "तुम्ही काय, दोन वर्षांत जाणार. पुण्याचे लोक राहत नाहीत, उतरतात." मला राग आला. पुणेकराला दुसऱ्या कोणी नापास करावं? ते काम आमचं!

मग आम्हीही उट्टं काढलं. त्यांच्या मराठीवरून. "ऊट झालं काय? मी सकाळीच दोसे खाल्लो," असं ते जेवणाचं विचारू लागले की माझी बायको मेधा तोंड फिरवून हसू दाबायची. एकदा मला ते दाबता आलं नाही. त्यांच्या तोंडावरच मी फिस्सकन हसलो. अण्णा बोलता बोलता थांबले. त्या दिवसापासून आमचा संबंध मान हलवण्यापुरता उरला, आणि माणूस आतल्या गाठीचा आहे, असं मी ठरवून टाकलं.

पुढे कामाच्या मावशींनी सांगितलं, की दुपारी अण्णा आमच्या बंद दारापाशी उभे असतात. झालं! मी त्याच आठवड्यात कॅमेऱ्याची बेल बसवून घेतली.

तिसऱ्या दिवशी ऑफिसात मीटिंग चालू असताना फोनवर अण्णा दिसले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, दारापुढे आले, बेलकडे बोट नेलं, मागे घेतलं. ओठ हलत होते. फोनचा आवाज मी बंद ठेवला होता. मी त्या दृश्याचा फोटो काढून बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला, 'घरी कोणी नसताना हे काय चाललंय?' दहा मिनिटांत निम्म्या बिल्डिंगला अण्णांचा आधीपासूनच संशय होता, असं निघालं. असोसिएशनचे सेक्रेटरी त्यांना फोटो दाखवून, समज देऊनही आले.

संध्याकाळी घरी मी ते चित्रण आवाजासकट लावलं.

"मेधाताई," अण्णा बंद दाराला सांगत होते, "आमच्या घरातली गेली, तेव्हापासून मराठी बोलायला कोणी नाही. रविवारी स्वल्प..." थांबले. "स्वल्प नको. थोडा. थोडा वेळ तुमच्याकडे बसायला येऊ का?" मग पुन्हा पहिल्यापासून. असं चार वेळा. बोट बेलपर्यंत गेलं. "हसतील," ते स्वतःशीच म्हणाले आणि परत फिरले.

मेधाने फोन उलटा ठेवला. एवढी लाज मला आजवर कधी वाटली नव्हती. मी तसाच समोर गेलो.

"अण्णा, चुकलं माझं. माफ करा."

"चूक कसली? बंद दारापुढे कोणी उभा राहिला तर मीपण संशयच घेतलो असतो." मग आवाज अगदी खाली आणून त्यांनी विचारलं, "त्या कॅमेऱ्यात बोलणंपण येतं काय?"

त्यांनी हात कडीवरच ठेवला होता.

"नाही, अण्णा. नुसतं चित्र."

"सरी, सरी. ठीक आहे." त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मग म्हणू दे चोर."

"रविवारी आमच्याकडे या," मी कसंबसं म्हणालो. "चहाला."

"का?" अण्णांनी विचारलं.

उत्तर मला पाठ होतं. पण ते मी ऐकलंच नव्हतं ना!