आजचरावांचा रोगतक्ता

"यापुढे या घरातून कुणीही उगाच डॉक्टरांकडे धावणार नाही!"

शनिवारी सकाळी फ्रिजच्या दारावर तक्ता चिकटवता चिकटवता आजचरावांनी ही घोषणा केली, तेव्हा त्यांचा रुबाब असा होता की बघणाऱ्याला वाटावं, जगातले सगळे रोगजंतू आता सामान बांधायला लागले असतील!

आजचराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते एका कुरिअर कंपनीच्या गोदामात पार्सलांची रवानगी बघत. लाल ठिपक्याचं पार्सल आजच निघणार, पिवळ्याचं उद्या, हिरव्याचं जागेवरच राहणार, ही पद्धत त्यांनीच बसवलेली. दिवसभर "हे आजच! तेही आजच!" असं ओरडून ओरडून हे नाव त्यांना चिकटलं, आणि बायकोसुद्धा लाडात आली की त्याच नावाने हाक मारू लागली.

घोषणेला कारण होतं. गेल्या महिन्यात ते तीनदा दवाखान्यात धावले होते. एकदा पाच वर्षांच्या बिट्टीची जीभ जांभळी झाली म्हणून. बाईसाहेबांनी जांभळी गोळी चघळली होती. एकदा आठ महिन्यांच्या गोटूला उचकी लागली म्हणून. ती जिना उतरेपर्यंतच थांबली. आणि तिसऱ्यांदा का निघालो होतो, हे दवाखान्यात पोचेपर्यंत ते स्वतःच विसरले! तेव्हापासून रिसेप्शनवरची मुलगी त्यांना बघितलं की आधी हसायची आणि मग वही उघडायची. डॉक्टरीणबाई मात्र कधी काही बोलल्या नव्हत्या. पण न बोलणं जास्त लागतं.

म्हणून हा तक्ता. ताप एकशे दोनच्या वर: लाल, आजच. धाप लागली: लाल. पुरळावर ग्लास दाबून धरला तरी ते फिकं पडत नाही: लाल, आणि पळत! नुसतं नाक गळतंय: पिवळा. ताप नाही, रडणं नाही: हिरवा, घरीच.

"सगळं ठीक, पण गोटूचं काय?" बायकोने चपला घालता घालता विचारलं. ती शाळेत शिकवायची. आज परीक्षेवर देखरेख होती, मोबाइल ऑफिसात जमा. "कालपासून ओकतोय. सकाळी पाजलेलंही टिकलं नाही. मला काळजी वाटतेय."

आजचरावांनी गोटूच्या काखेतून थर्मामीटर काढला आणि निवडणुकीचा निकाल वाचावा तसा वाचला. "अठ्ठ्याण्णव पॉइंट चार! ताप नाही. रडतोय? नाही. हिरवा!" आणि गोटूच्या नावापुढे हिरवा ठिपका काढूनही टाकला.

"ठिपका राहू दे. लक्ष ठेव. जरा वेगळा वाटला तर लगेच ने."

"अगं, रोज चारशे पार्सलं सांभाळतो मी! हे तर एकच आहे!"

"दोन आहेत," बायको म्हणाली आणि निघाली.

अकरा वाजेपर्यंत आजचराव स्वतःवर बेहद्द खूश होते. बाळ सांभाळणं म्हणजे किती कठीण, किती कठीण, असं बायका उगाच सांगतात! मध्ये दोनदा ओकला खरा, पण गोटूने रडून एकदाही घर डोक्यावर घेतलं नव्हतं. झोळीत ठेवला की पडून, मांडीवर घेतला की पडून. असा गुणी मुलगा!

"बाबा, गोटू हसत नाहीये," बिट्टी म्हणाली. "मी माकड केलं तरी हसत नाहीये."

बिट्टीचं माकड ऐरंगैरं नव्हतं. ते बघून गोटू एरवी श्वास अडकेपर्यंत खिदळायचा.

"समजूतदार झालाय तो."

"आणि त्याचा लंगोट पण कोरडाच आहे. सकाळपासून."

"बघितलंस?" आजचराव उजळले. "एकच लंगोट! तक्ता लागल्या लागल्या घराला शिस्त आली की नाही!"

"बाबा, त्याला लाल दे ना."

"लाल असा मागून मिळत नसतो, बिट्टी. नियम असतात!"

तेवढ्यात गोदामातून फोन आला. कुणीतरी पिवळी पार्सलं लाल गाडीत भरली होती. गाडी निघण्याच्या बेतात! आजचराव गॅलरीत धावले आणि पंधरा मिनिटं फोनवर असे गरजले की समोरच्या तारेवरचे कावळे उडून गेले.

आत येऊन बघतात तर काय! गोटू झोळीत उघड्या पोटाने पडलेला, आणि त्या पोटावर लालभडक ठिपके! एक, दोन, तीन... सात!

"काकू!" आजचरावांनी अशी बोंब ठोकली की शेजारच्या काकू हातातल्या झाडूसकट आत आल्या.

"अगंबाई! हे काय रे?"

"पुरळ! काकू, ग्लास! आधी ग्लास!"

काकूंना वाटलं याला घेरी आली. त्यांनी पाणी भरून ग्लास आणला. आजचरावांनी ते पाणी कुंडीत ओतलं, ग्लास गोटूच्या पोटावर दाबला आणि डोळे विस्फारून बघत राहिले.

"गेले! काकू, ठिपके गेले! दिसत नाहीत!"

"अरे शहाण्या," काकू म्हणाल्या, "स्टीलचा ग्लास आहे तो. त्याच्याखाली ठेवलं तर मुंगीचं वाडवडिलांसकट आख्खं खानदान दिसणार नाही!"

आजचरावांनी ग्लास उचलला. सातच्या सात ठिपके जागच्या जागी!

घरात काचेचा ग्लास औषधालाही नव्हता. काकू धावत गेल्या आणि कपाटातल्या, तीस वर्षांत कुणाच्याही ओठाला न लागलेल्या सेटमधला एक घेऊन आल्या. आजचरावांनी तो दाबला. काचेतून सात ठिपके त्यांच्याकडे टक लावून बघत होते. फिके पडायचं नाव नाही!

"लाल!" ते किंचाळले. "पळत!"

"बाबा, मीच..." बिट्टी काहीतरी सांगू लागली.

"चपला घाल!"

दवाखाना दोन गल्ल्या पुढे. सगळ्यात पुढे गोटूला छातीशी धरून आजचराव, एका पायात बूट, दुसऱ्यात बायकोची स्लिपर. मागून काकू, एका हातात बिट्टी, दुसऱ्या हातात तो काचेचा ग्लास. रिसेप्शनवरची मुलगी सवयीने हसली आणि तिने वही उघडली.

"नंबर सतरावा. बसा."

"काचेखाली जात नाहीयेत!"

मुलीचं हसू मावळलं. तिने वही मिटली, आतलं दार उघडलं आणि त्यांना थेट डॉक्टरीणबाईंसमोर उभं केलं.

बाईंनी विलंब केला नाही. गोटूला टेबलावर घेतलं, पोटावर बोट दाबलं, मग वाकून चक्क वास घेतला. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून त्यांनी एक ठिपका पुसला. बोळा लाल, पोट स्वच्छ.

"अभिनंदन," त्या म्हणाल्या. "तुमच्या बाळाला मार्कर झालाय."

काकूंनी ग्लास पदराआड लपवला. आजचरावांचे कान सातही ठिपक्यांपेक्षा लाल झाले. चौथी फेरी! आणि तीही अशी! त्यांनी गोटूला उचलायला हात पुढे केले.

"थांबा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "एवढं गार स्पिरिट पोटावर लागलं, आणि हा कुरकुरलाही नाही?"

त्यांनी गोटूची जीभ बघितली. टाळू चाचपली. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली.

"ओकतोय?"

"कालपासून. पण ताप नाही! रडतही नाही!"

"रडायला अंगात पाणी लागतं. शेवटची शू कधी केली?"

चारशे पार्सलं कितीच्या ठोक्याला निघाली हे झोपेतही सांगणारे आजचराव बिट्टीकडे बघू लागले.

"आई शाळेत जायच्या आधी," बिट्टी म्हणाली. "मग नाहीच. आणि माझ्या माकडाला पण हसला नाही. बाबाने हिरवा दिला. म्हणून मी लाल दिला. खूप दिले, म्हणजे आजच जाईल."

आजचराव गोटूच्या पोटावरचे उरलेले सहा ठिपके बघत राहिले.

"हुशार आहे मुलगी," बाई म्हणाल्या. "हिच्या हातात द्या तुमचं गोदाम. अहो, आकडा नंतर बघायचा, आधी मूल बघायचं. पितंय का, शू करतंय का, हाक मारली की बघतंय का, श्वास घेताना फासळ्या आत ओढतंय का. यातलं एक जरी बिनसलं तर त्याच दिवशी आणायचं, ताप असो नसो. आणि तीन महिन्यांच्या आतल्या तान्ह्याला ताप आला, तर तक्ता शोधत बसायचंच नाही."

"पण मी तीनदा उगाच आलो होतो ना..."

"त्याबद्दल मी काही बोलले? आज तुम्ही संध्याकाळ केली असती, तर बोलले असते!"

मग त्यांनी ओआरएसचं पाणी कालवून वाटी हातात दिली. दर दोन मिनिटांनी एक चमचा. घाई केली तर ओकेल. पोटात टिकलं आणि शू झाली तर घरी. दोन तासांत नाही झाली, तर सलाइन लावायला मोठ्या हॉस्पिटलात.

आजचराव बाहेरच्या बाकावर बसले. मांडीवर गोटू, नजर घड्याळावर. एक चमचा. दोन मिनिटं. एक चमचा. आयुष्यात कुठल्या गाडीची त्यांनी अशी वाट बघितली नव्हती! विसाव्या चमच्यापर्यंत सगळा दवाखाना त्या वाटीत बुडाला होता. "झाली दोन मिनिटं!" रिसेप्शनवरची मुलगी ओरडायची. "ओकला नाही ना?" सर्दीवाल्या नातवाचे आजोबा विचारायचे. तिसाव्या चमच्याला गोटूने चमचाच धरला. चाळिसाव्याला बिट्टीने माकड केलं, आणि गोटूच्या ओठाचा एक कोपरा, एकच, जरा वर गेला!

आणि तेवढ्यात आजचरावांच्या मांडीवर काहीतरी कोमट पसरलं.

ते ताडकन उठले, आत घुसले आणि गोटूला बाईंच्या हातात दिलं. बाईंनी लंगोट चाचपला आणि मान डोलावली. बस्स! आजचराव दोन्ही हात उंचावून बाहेर आले. "झाली! शू झाली! भरपूर झाली!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आजोबांनी तर उठून हात मिळवला!

परीक्षा संपवून, काकूंचे तेरा मिस्ड कॉल बघून धापा टाकत आलेली बायको नेमकी तेव्हाच दारात उभी राहिली. तिने टाळ्या वाजवणारी माणसं बघितली. नवऱ्याच्या पायातली स्वतःची स्लिपर बघितली. मग त्याची मांडीपासून गुडघ्यापर्यंत ओलीचिंब पँट बघितली.

"अगं, शू झाली!" आजचराव आनंदाने ओरडले.

"दिसतंय ते," बायको म्हणाली. "बाळ कुठंय?"