मागच्या डाव्या काचेचा पुरावा

कोकिळाबाईंनी व्हिडिओ कॉल केला तो पोर्तुगालचा समुद्र बघायला. दिसली गाडीची फुटकी काच.

“मितेश, तुझ्या मागं त्या गाडीला काय झालंय?”

“काय नाय, आई.”

“काच कुठं हाय?”

“खाली केलीय.”

“मग सीटवर चमकतंय काय?”

मितेश आणि प्राप्ती लग्नानंतर तीन वर्षांनी पहिल्यांदाच परदेशात फिरायला गेले होते. भाड्याची पांढरी गाडी किनाऱ्याजवळ लावून ते जेमतेम वीस मिनिटं पाण्यात पाय बुडवायला गेले. तेवढ्यात कुणीतरी मागची डावी काच फोडून प्राप्तीची पर्स आणि चकल्यांचा डबा नेला. पासपोर्ट मितेशच्या कमरेला होते म्हणून वाचले. हे सगळं तो आईला सांगेपर्यंत उरणमध्ये फोन वडिलांच्या, म्हणजे रावजींच्या, हातात गेला होता.

रावजींचे अकरा ट्रेलर बंदरातून माल उचलून देशभर जातात. कुठे गाडी बंद पडली की ड्रायव्हर एका ठरावीक नंबरवर कळवतो. तो नंबर असलेला फोन रावजींच्या शर्टाच्या खिशात असतो, आणि ज्याच्या खिशात तो फोन, तो यार्डाचा मालक. मितेश सहा वर्षं यार्डात बसतो आहे. फोन त्याला कधी उचलूही दिलेला नाही. निघताना रावजी म्हणाले होते, “जाऊन ये. आल्यावर फोन तुझा.” मग थोडं थांबून म्हणाले, “न्हायतर हर्षद हायच.” हर्षद म्हणजे चुलतभाऊ.

गाडी बंद पडली की ड्रायव्हरने काय करायचं याचे नियम यार्डाच्या भिंतीवर एका पाटीवर लिहिलेले आहेत.

गाडी कुठे आहे ते नीट सांगणे

“कुठं हाय गाडी?” रावजींनी विचारलं. आवाज ड्रायव्हरांसाठी राखून ठेवलेला.

“पप्पा, पोर्तुगाल.”

“त्ये झालं. ढाब्याच्या अलीकडं का पलीकडं?”

मितेशने चहूकडे पाहिलं. “एक चर्च आहे. त्याच्या पलीकडे.”

“गाडी आडोशाला लावलीस म्हंजे. सावली बघून. सगळे असंच करतात आन मग सांगतात, चोर आला.”

“पप्पा, चोर खरंच आला.”

“सगळे ह्ये पण सांगतात.”

फोटो पाठवणे, त्या दिवसाच्या पेपरासकट

प्राप्ती पेपर आणायला गेली. कुठला आणायचा ते तिला कळेना, कारण एकही वाचता येत नव्हता. शेवटी ज्याच्यावर तारीख सर्वांत मोठी होती तो घेतला. मितेशने तो सीटवर काचेच्या चुऱ्याशेजारी धरून फोटो काढला. जाणारेयेणारे थांबून बघत होते. एकाने त्याचाही फोटो काढला.

उरणहून उत्तर आलं : पेपरची घडी काढ, तारीख अर्धीच दिसते.

मिस्त्रीला फोन देणे

भाड्याच्या गाडीच्या कंपनीने गावातल्या एका गॅरेजमध्ये जायला सांगितलं. मिस्त्री साठीचा होता, त्याला पोर्तुगीज यायचं आणि थोडंफार इंग्रजी. रावजींनी फोन त्याच्याकडे मागितला आणि हिंदीत सुरुवात केली.

“मिस्त्रीजी, काच अंदर से फूटा या बाहर से?”

मिस्त्री तीन मिनिटं पोर्तुगीजमध्ये बोलला.

“बरोबर बोलतोय,” रावजी मितेशला म्हणाले. “दरवाजाचं पॅड खोलावं लागंल. आतमधी चुरा पडलाय.”

मिस्त्रीने दरवाजाचं पॅड खोललं. आत चुरा पडला होता.

मितेश गोंधळला. त्याला हिंदी येत होतं, इंग्रजी येत होतं, तो तिथे हजर होता, आणि तरीही या संभाषणात त्याला एकट्यालाच काही कळत नव्हतं. नवी काच दुपारी बारापर्यंत बसणार होती. बारा वाजता मिस्त्री रावजींना मागच्या शेडमधल्या एका जुन्या ट्रकचा गिअरबॉक्स दाखवत होता आणि रावजी उरणहून हळहळत होते.

जुना पार्ट परत आणणे

हा पाटीवरचा सर्वांत जुना नियम. ड्रायव्हर म्हणाला क्लच प्लेट बदलली, तर जुनी प्लेट यार्डात आणून दाखवायची. बेरिंग बदललं, तर बेरिंग. मितेश ते तपासतो; यार्डामागे त्यांचा ढीग असतो.

“पप्पा, ही काच आहे. तिचा चुरा झालाय.”

“चुरा आण.”

“गाडी भाड्याची आहे.”

“गाडी भाड्याची हाय. शब्द तुझा हाय ना?”

मिस्त्रीने चुरा व्हॅक्युम क्लीनरने ओढून घेतला होता. त्याच्या पिशवीत महिन्याभरातल्या सगळ्या पर्यटकांच्या काचा होत्या, तीन वेगवेगळ्या रंगांच्या. मितेश आणि प्राप्ती फुटपाथवर बसून तांदूळ निवडावेत तसा हिरवट चुरा वेगळा काढू लागले.

“लोक इथून चॉकलेटं नेतात,” प्राप्ती म्हणाली.

“फोनचा प्रश्न आहे.”

“मला माहितेय. म्हणून तर निवडतेय.”

एका म्हातारीने त्यांच्यासमोर नाणं ठेवलं आणि ती पुढे गेली.

(या प्रसंगासाठी पाटीवर नियम नाही)

विमानतळावर अधिकाऱ्याने पिशवी उघडली. हे काय? काच. कशासाठी? वडिलांसाठी. त्याने दुसऱ्या अधिकाऱ्याला बोलावलं. त्याने प्राप्तीला बाजूला घेऊन तेच विचारलं. काच. कशासाठी? सासऱ्यांसाठी. दोघांची उत्तरं जुळली, म्हणून त्यांना सोडलं. पिशवी कचऱ्यात गेली.

मितेशने तिथूनच नामाकाकांना फोन लावला. नामाकाका म्हणजे यार्डातले सर्वांत जुने ड्रायव्हर.

“काका, मला एक फुटकी काच पाहिजे. गाडीच्या मागच्या दरवाजाची.”

“डावी का उजवी?”

“डावी.”

“तुकडं का चुरा?”

“चुरा. काका, तुम्ही विचारणार नाही कशाला?”

“शेठला दाखवायला. आजून कशाला?” नामाकाका म्हणाले. “कळंबोलीला एक जण हाय. क्लच प्लेट, बेरिंग, पाटा, सगळं जुनं ठेवतो. दाखवण्यापुरतं.”

“पण यार्डामागचा ढीग?”

“शेठ दरसाल भंगारात काढतात न्हवं? त्योच घेऊन जातो.”

सहा वर्षं आपण एकच क्लच प्लेट पुन्हापुन्हा तपासत होतो का, याचा विचार करत मितेश विमानात बसला.

(पाटी इथे संपते)

यार्डात मितेशने पुढे केलेली पिशवी रावजींनी टेबलावर ओतली. कोकिळाबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्याही बघायला थांबल्या. रावजींनी चुऱ्यात बोट फिरवलं. चारपाच तुकडे एकमेकांना चिकटून वर आले, कारण त्यांच्यावर स्टिकरचा कपटा होता. रावजींनी चष्मा लावून तो वाचला.

“एकवीरा आई.”

रावजींनी चष्मा कपाळावर सरकवला.

“पोर्तुगालला पण देवीची माणसं हायत वाटतं.”

“पप्पा,” मितेश म्हणाला, “मी सांगतो.”

“नको. कळंबोली ना? कुणी आणून दिलं?”

मितेशने मान खाली घातली. नामाकाका दारातच उभे होते, ट्रेलरच्या टायरकडे फार बारकाईने बघत.

“नाव न्हाय घेतलंस. बरं केलंस,” रावजी म्हणाले. “मी नऊ वर्षं ड्रायवर होतो. त्या कळंबोलीवाल्याच्या बापाकडनं मी पार्ट आणलेत.”

“मग तुम्ही जुना पार्ट मागता कशाला?”

“जो खोटा पार्ट आणायची तसदी घेतो, त्याला उद्या परत कामावर यायचं असतं. ज्याला पळायचंय त्यो कायच आणत न्हाय.” रावजींनी खिशातून फोन काढून चुऱ्याशेजारी ठेवला. “सहा वर्षं जो जे आणंल ते तू खरं मानत आलास. कसा देणार तुला फोन? आज तू शिकलास. घे.”

मितेशने फोन उचलला. आनंद व्हायला हवा होता, पण मध्येच काहीतरी अडकलं.

“पप्पा, पण चोरी खरंच झाली होती.”

“व्हय, व्हय.”

“तुम्ही फोटो बघितलात. मिस्त्रीशी बोललात.”

“काच फुटली ती मी बघितली. कुठल्या खांबाला ठोकलीस, ते तुझं तुला म्हायती. मी ईचारलं का?”

“पप्पा, माझी पर्स गेली त्यात,” प्राप्ती पुढे येऊन म्हणाली. “नवी होती. शपथ.”

रावजींनी कौतुकाने बायकोकडे पाहिलं. “बघितलंस? सूनबाय पण डगमगत न्हाय. यार्डाची काळजी मिटली.”

ते उठून नामाकाकांच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर गेले. कोकिळाबाईंनी चहाचा कप सुनेच्या हातात दिला, खुर्ची ओढून अगदी जवळ बसल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “आता गेलेत ते. मना खरं सांग, पर्स कुठं विसरलीस?”