रायफल जमा आहे

शिवाजी पेठेत आमच्या समोर राहणाऱ्या शामराव आबांपुढं 'बंदूक' म्हणायचं नाही. म्हटलं की हातातला चहा अर्धा टाकून ते उठतात. "बंदूक माकडं हाकायला असती. माझी रायफल हाय. सांबराची."

सांबराची म्हणजे, त्यांच्या वडिलांनी तिनं गारगोटीकडच्या रानात सांबरं मारली. आबांनी काय मारलं? काही नाही. रायफल त्यांच्या नावावर झाली तेव्हा शिकारीवर बंदी आली होती. पन्नासएक वर्षं हा माणूस सांबराच्या रायफलीचा मालक आहे आणि सांबर त्यानं पाहिलंय ते प्राणिसंग्रहालयात, तिकीट काढून, पोराला खांद्यावर घेऊन.

तरी ऐट बघा. वर्षातून एकदा नेमबाजीच्या मैदानावर पाच गोळ्या झाडायच्या, भोकं पडलेला पुठ्ठा घरी आणायचा आणि पेठेतल्या प्रत्येकाच्या नाकासमोर धरायचा. पाचही भोकं एका बत्ताशाखाली झाकतात, हे मात्र खरं. "केसभर हलत न्हाय," आबा म्हणतात. असले पुठ्ठे त्यांनी सोप्यात देवांच्या फोटोंच्या रांगेत लावलेत. रोज सकाळी रायफल पुसायची, तेल द्यायचं. काकू होत्या तेव्हा म्हणायच्या, "मला ताप आला तर कपाळावर हात ठेवत न्हाईत, हिला मात्र रोज तेल."

आबांचं उत्तर ठरलेलं. "ती गंजती. तू गंजतीस व्हय?"

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. त्या पदवीचा गल्लीला उपयोग एवढाच, की सगळ्यांचे अर्ज मी लिहितो. आबांच्या परवान्याचं नूतनीकरणही माझ्याच हातचं. 'हत्यार कशासाठी हवे?' या रकान्यापाशी आमचं दर वेळी भांडण.

"शिकार लिही."

"आबा, शिकार लिहिली तर रायफलीबरोबर तुम्हालाबी नेतील."

"मग आत्मसंरक्षण लिही."

"कुणापासनं? चोर आला तर तुम्ही त्याला पुठ्ठे दाखवत बसाल."

आबा हसले नाहीत. स्वतःवरच्या विनोदाला ते कधीच हसत नाहीत.

निवडणूक आली की परवाना असलेल्यानं हत्यार पोलीस ठाण्यात जमा करायचं असतं. अलीकडं एक निवडणूक संपते तोवर दुसरी दारात उभी. त्यामुळं रायफल घरी कमी आणि ठाण्यात जास्त. ती तिकडं असली की आबा रोज अकराला ठाण्यात हजर. "नळी वर हाय का बघून येतो. ही माणसं काठ्यांच्या गठ्ठ्यात उभी करत्यात."

यंदा निवडणूक झाली, निकाल लागले, लोकांनी आपापली हत्यारं परत नेली. आबांची तिथंच. शेवटी ठाण्यातून पत्र आलं, आठ दिवसांत घेऊन जा, नाहीतर मुख्यालयात पाठवू. मुख्यालयात गेली की रोज बघायला जाणं संपलं. पत्र घेऊन आबा माझ्याकडं आले.

"अर्ज लिही. आणि दोन महिनं ठाण्यातच असू दे म्हणावं."

माझं डोकं फिरलं. "पन्नास वर्षं जिला नजरेआड केली न्हाई, ती आता काठ्यांच्या गठ्ठ्यात चालती? कारण काय लिहू?"

"कारण तू घाल. शिकलायस न्हवं?"

मागच्या महिन्यात पासपोर्टच्या कामासाठी मी ठाण्यात गेलो होतो, ते तेव्हा आठवलं. बाकावर मधोमध आबा, भोवती तीन शिपाई आणि सांबराची गोष्ट रंगात आलेली. गोष्टीतून वडील गायब, सांबर आबांनीच मारलेलं. एका महिला शिपायानं डबा उघडून अर्धी भाकरी त्यांच्यापुढं ठेवली. "आबा, आज तरी खाऊन जावा. काल तसंच गेलासा." रायफलीकडं कुणी बघत नव्हतं. आबासुद्धा. तेव्हा मी घरी येऊन ही गंमत सगळ्यांना सांगितली होती.

काकूंना जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा बेंगळुरूला.

मी लिहिलं, 'अर्जदाराच्या घरी अर्जदाराशिवाय कोणीही राहत नसल्याने हत्यार तेथे ठेवणे सुरक्षित नाही.' वाचून दाखवलं.

आबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "ते खोड."

"खरं हाय की, आबा."

"खरं हाय म्हणूनच. तिथं सगळी वाचत्यात."

मी नवा कागद घेतला आणि लिहिलं, 'घराच्या भिंतीस ओल आल्याने.' बाहेर मे महिन्याचं ऊन भिंती भाजून काढत होतं. आबांनी जोर लावून सही केली.

"ऑफिसला जाताना मी देऊन जातो," मी म्हणालो.

त्यांनी कागद माझ्या हातातून ओढून घेतला. "तू नको. एका खेपेत काम हुईत न्हाय तिथं. सायेब नसतोय, शिक्का सापडत न्हाय. चार खेपा तरी घालाव्या लागतील." आणि डोक्यावर टोपी चढवून, वैतागल्यासारखं तोंड करून, ते झपाझप निघाले.