चरबीचा वैरी मल्लाप्पा

मल्लाप्पाला माणसाआधी त्याच्या अंगची चरबी दिसायची. खिशात कायम टिपकागदाचे तुकडे. कातडं हाती आलं की त्यावर कागद दाबायचा, उजेडाला धरायचा आणि डाग दिसला की म्हणायचा, "अजून बोलतंय!"

सोलापुरात तेव्हा माझं बाइंडिंगचं दुकान होतं. वह्यांच्या पाठीला मेंढीचं कातडं लागायचं. त्यात चरबी राहिली तर खळ धरत नाही, म्हणून मी मल्लाप्पाच्या हातचीच कातडी घ्यायचो. ओढ्याकाठच्या एका कारखान्यात तो ती कमवायचा.

एकदा भाच्याच्या लग्नात त्यानं नव्या व्याह्यांच्या टकलावर कागद दाबला. वर भर पंगतीत सांगितलं, "मेंढ्याला मागं सारलं की ह्यांनी!" त्या दिवसापासून सख्खी बहीण गंगव्वा त्याच्याशी बोलेना.

पुढं मालकानं चरबी काढायला रॉकेल आणलं. काम झटपट व्हायचं, पण धुवण सोडलं की ओढ्यावर रंगीत तवंग पसरायचा. दुसऱ्याच दिवशी मल्लाप्पानं मोरीत बोळा कोंबला आणि स्वतः तिच्यावर बसला.

"ऊठ, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस!" मालक ओरडला.

"दोन रांजण द्या. मग उठतो."

रांजणात धुवण ठेवलं की रॉकेल वर यायचं. ते वाडग्यानं काढून तो पुन्हा वापरायचा. त्याआधी कातडी गरम मुलतानी मातीत दाबून ठेवायचा. निम्मी चरबी मातीच पिऊन टाकी. ती माती आणि रांजणातलं खालचं पाणी लांबच्या खड्ड्यात जाई. रॉकेलचे डबे कमी लागतायत म्हटल्यावर मालकही गप्प बसला.

"एवढा आटापिटा कशाला रे?" मी विचारलं.

"चला, दावतो."

एका रविवारी त्यानं मला ओढ्याकाठानं, पाणी वाहतं त्या दिशेनं, दोन मैल चालवलं. खाली पात्रात एक बाई वाळूतला झिरा उपसून पाणी भरत होती. मल्लाप्पा लांब बाभळीपाशीच थांबला.

"गंगव्वा हाय. तुमी पाणी मागा. रॉकेलचा वास येतो का, तेवढं बगून या की."

मी पाणी मागितलं. ती घुटमळली. "आमच्या हातचं चालंल तुमाला?"

मी तिच्या हातातून तांब्या घेतला आणि प्यालो. पाणी स्वच्छ होतं, गोड होतं.

तिनं तांब्या पुन्हा भरला. बाभळीकडं न बघताच म्हणाली, "उनात हुबा हाय त्यो. त्यालाबी न्या."

मल्लाप्पानं थेंबही ठेवला नाही. रिकाम्या तांब्यासाठी मी हात पुढं केला.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "मीच देऊन येतो."

आणि पायातल्या वहाणा काढून तो झिऱ्याकडं चालू लागला.